तालुक्याच्या संग्रहालयात पुस्तकं आणि भेटवस्तू विकायच्या, तर सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाराशिव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी तुमच्या ट्रस्टचं छोटं संग्रहालय आहे. त्यात मृण्मूर्ती, नाणी, मोडी आणि उर्दू कागद, जुनी शेतीअवजारं आहेत. विक्रीचं टेबल मांडायला विश्वस्तांनी १ लाख रुपये बाजूला काढलेत. एक विश्वस्त म्हणतात, जिल्ह्याचा ३०० पानी रंगीत इतिहास छापू, १००० प्रती काढू. दुसरे म्हणतात, पुण्याहून कप आणि की-चेन मागवू. तिसऱ्यांची सूचना आहे की दुबार शिवराया (एकसारख्या दिसणाऱ्या तांब्याच्या जुन्या नाण्यांतली जादा नाणी) विकून टाकू, लोक हौसेनं घेतील. शिवाय गावातले एक निवृत्त गुरुजी स्वखर्चानं छापलेलं गावाच्या इतिहासाचं पुस्तक विकायला ठेवा म्हणून मागे लागलेत. यातलं काय करावं?

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विश्वस्त संस्थेच्या संग्रहालयाची प्रकाशनं आणि विक्रीचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं. त्यामुळे एक गोष्ट लगेच खटकली. काय विकायचं यावर तिघांची तीन मतं आहेत, पण घेणार कोण हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ते ठरेपर्यंत एकही ऑर्डर देऊ नका. तिकीट फाडणाऱ्या माणसाला एक वही द्या आणि महिनाभर नोंद ठेवायला सांगा: शाळेची सहल, तुळजापूरहून परतणारे भाविक, पाहुण्यांना घेऊन आलेले गावकरी, सुट्टीला पुण्या-मुंबईहून आलेली मूळची इथलीच कुटुंबं, अभ्यासक. तुमच्याकडे सहली जास्त असतील तर टेबलावर १० आणि २० रुपयांच्या वस्तू हव्यात, कारण सहलीच्या पोराच्या खिशात खाऊचे तेवढेच पैसे असतात. परगावी स्थायिक झालेली कुटुंबं जास्त येत असतील तर पुस्तक चालतं, आणि त्यांच्यासाठी दीडशे-दोनशे रुपये ही मोठी रक्कम नसते. भाविकांच्या पिशव्या मात्र आधीच भरलेल्या असतात. कवड्यांची माळ, परडी, कुंकू हे सगळं तुळजापूरच्या बाजारात घेऊन झालेलं असतं, तेव्हा त्या वाटेला तुम्ही जाऊच नका.

हे सगळं तुमच्या जागेवर, माणसांवर आणि वर्दळीवर अवलंबून आहे. तरी वीसेक गोष्टी मांडून बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: जी वस्तू दुसऱ्या कुठल्याही दुकानात मिळू शकते ती संग्रहालयाच्या टेबलावर खपत नाही. माणूस आत एखादी वस्तू बघतो, तिच्याशी दोन मिनिटं थांबतो आणि बाहेर येताना तिच्याबद्दल काहीतरी हातात घेऊन जावंसं त्याला वाटतं. ती ओढ टेबलापर्यंत टिकते, फाटकाबाहेर टिकत नाही. म्हणून विक्रीची प्रत्येक वस्तू तुमच्याच एखाद्या कपाटातल्या वस्तूशी बांधलेली असावी.

आता पुस्तक. ३०० पानी जिल्ह्याचा इतिहास पहिल्या फटक्यात काढू नका. तो लिहायला चांगला माणूस मिळाला तरी दोन-तीन वर्षं जातात, आणि १००० प्रतींचे गठ्ठे ठेवायला जागा लागते. तुमच्याकडे पाऊस कमी, त्यामुळे बुरशीची भीती थोडी कमी. पण वाळवी आणि कसर यांना दुष्काळ नसतो. त्याऐवजी ६४ पानांची पुस्तिका करा, डेमी आकारात. सोळा-सोळा पानांचे चार फर्मे होतात, मधोमध पिन मारून बांधता येते, चिकट बांधणीसारखी पानं सुटत नाहीत. विषय एकच: तुमच्या संग्रहालयातल्या पंचवीस वस्तू. एका वस्तूला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे चांगला फोटो, उजवीकडे ती काय आहे, कुठे सापडली, कशासाठी वापरत, आणि कुणी दिली.

शेवटचं ‘कुणी दिली’ फार मोलाचं. गावातल्या ज्या घरानं जुनी मोट किंवा पणजोबांची सनद तुमच्या हवाली केली, त्या घराचं नाव छापून आलं की घरातली चार भावंडं चार प्रती घेतात, आणि एक सासरी गेलेल्या बहिणीला जाते. आमच्याकडच्या पहिल्या पुस्तिकेच्या बऱ्याच प्रती अशाच गेल्या. नाव छापण्याआधी प्रत्येक घराची संमती मात्र लेखी घ्या. काहींना आपल्या घरात काय होतं हे जगजाहीर झालेलं नको असतं, आणि ते त्यांचं बरोबरच आहे.

पंचवीस वस्तूंच्या आधी चार पानांची भूमिका लिहा आणि तिच्यात परिसराची गोष्ट सांगा. तुमच्या भागाला ती आयती आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं नगर सांगितलंय. तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई. ते तगर म्हणजे तेर. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची जी छोटी स्त्रीमूर्ती आहे, तिच्यासारखीच मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ साली मिळाली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच भारतातून तिथे पोचलेली होती. दुसरीकडे नळदुर्गचा पाणीमहाल, परांड्याचा किल्ला आणि तिथून विजापूरला गेलेली मुलूखमैदान तोफ. एवढं सांगून झालं की तुमच्या कपाटातली फुटकी मृण्मूर्तीसुद्धा बोलायला लागते. ही चार पानं जिल्ह्याच्या इतिहासाचं काम करतात, आणि मोठा ग्रंथ नंतर कधीही करता येतो.

जुन्या पुस्तकांचं पुनर्मुद्रण हा मोह तुम्हाला होईलच. त्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला हक्कांचा. १९५७च्या कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२६पासून खुलं झालं. सरकारी प्रकाशनाला ६० वर्षं मोजायची ती प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटियर (जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ) केव्हाच खुले झालेत, पण ते तुमच्या कामाचे नाहीत, कारण तुमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. उस्मानाबाद जिल्ह्याचा गॅझेटियर महाराष्ट्र शासनानं १९७२ साली काढला. त्याच्यावरचा हक्क २०३२च्या अखेरीपर्यंत आहे, म्हणून त्यातली प्रकरणं उचलून छापू नका. दुसरा खाचखळगा मजकुराचा. तगर म्हणजे देवगिरी, तगर म्हणजे जुन्नर अशी मतं एकोणिसाव्या शतकात मांडली जात होती. इतिहास-संशोधक फ्लीटनं १९०१मध्ये ते तेर असल्याचं दाखवलं. तेव्हा त्याआधीचं एखादं पुस्तक तुम्ही जसंच्या तसं छापलंत, तर ‘संग्रहालयानं छापलंय’ म्हणून वाचक जुनी चूकही खरी धरणार. पुनर्मुद्रण करायचंच तर सुरुवातीला दोन-चार पानांचं टिपण लिहायला जाणकार माणूस बसवा. तो मिळत नसेल तर छापू नका.

गुरुजींचं पुस्तक. हा प्रश्न प्रत्येक छोट्या संग्रहालयाला पडतो. नकार दिला तर गाव दुखावतं आणि डोळे मिटून ठेवलं तर उद्या कुणीतरी तेच पुस्तक दाखवून म्हणतं, बघा, संग्रहालयात विकतात म्हणजे खरंच असणार. माझी पद्धत अशी. पुस्तक घरी न्यायचं आणि आधी शेवटची पानं उघडायची. माहिती कुठून घेतली याची काही नोंद आहे का? गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं असं लिहिलं असलं तरी चालतं, मग कुणी आणि साधारण कधी सांगितलं ते हवं. त्यानंतर अशी एखादी जागा काढायची जिथे आख्यायिका आणि इतिहास एकमेकांना लागून असतात. नळदुर्गचं उदाहरण घ्या. नळराजानं किल्ला वसवला ही कथा पुस्तकात असावीच, ती तिथल्या लोकांची आहे. पण ती कथा म्हणून सांगितलीय, आणि पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचा हे वेगळं सांगितलंय, की सगळं एकाच सुरात येतं? लेखकानं एवढा फरक पाळला असेल तर बाकी शुद्धलेखनाच्या चुकांकडे मी काणाडोळा करते. एखाद्या जातीला किंवा घराण्याला उणं बोलणारा मजकूर असेल तर मात्र पुस्तक ठेवायचं नाही, मग लेखक कुणीही असो. आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभागी झालेल्या माणसांची यादी असेल तर तालुक्यातल्या दुसऱ्या एका जाणत्या माणसाला ती दाखवा. गाळलेल्या एका नावावरून होणारं भांडण पुस्तकाच्या विक्रीपेक्षा जास्त दिवस चालतं.

पुस्तक ठेवायचं ठरलं तर जांगडवर घ्या, म्हणजे विकल्यावर पैसे, न विकलं तर परत; एका वेळी पाचच प्रती. विकतील तशा नव्या. स्थानिक लेखकाकडून आम्ही २५ टक्के कापत असू. वितरक ४०-५० टक्के घेतात हे खरं, पण पदरमोड करून छापलेल्या माणसाकडून तेवढं मागू नये असं मला वाटतं. वहीत प्रती किती आल्या, किती गेल्या, किती खराब झाल्या हे लिहून लेखकाची सही घ्या. आणि दर तिमाहीला, मागायला येण्याआधी, हिशोब करून पैसे द्या. रक्कम दीडशे रुपये असली तरी. तालुक्याच्या गावात तुमची पत त्या दीडशे रुपयांवर ठरते.

भेटवस्तूंकडे येऊ. कप आणि की-चेन पुण्याहून मागवले की त्यांच्यावर फक्त नाव तुमचं असतं, बाकी तेच सगळीकडे. शिवाय महाराजांचं चित्र कपावर किंवा टी-शर्टवर छापायचा विचार असेल तर तो सोडून द्या. कप फुटतो, टी-शर्टचं शेवटी फडकं होतं, आणि ते चित्र कुठल्या उकिरड्यात जाईल हे आपल्या हातात राहत नाही. १९५०च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्यातल्या यादीतही महाराजांचं नाव आणि चित्र आहे, म्हणजे व्यापारी वापराला सरकारी परवानगीचाही प्रश्न येतो. कुंथलगिरीचा पेढा ठेवा असंही कुणीतरी सुचवेल. पेढा उत्तम असतो, पण त्याच्या मागोमाग मुंग्या आणि उंदीर येतात, आणि तुमच्या शेजारच्या खोलीत मोडी कागद आहेत.

तुमच्यासाठी सगळ्यात योग्य वस्तू माती. तेर हे गोरोबाकाकांचं गाव. संत म्हणून त्यांची ख्याती, पण जातिवंत कुंभार. आणि सातवाहन काळात याच भागात पांढऱ्या चिकणमातीच्या आतून पोकळ मूर्ती दोन भागांच्या साच्यात घडवत. तसा एखादा नमुना तुमच्या कपाटात असेल तर त्याची प्रतिकृती जवळच्या कुंभाराकडून करून घ्या. इथे थोडं खोलात सांगते, कारण नुकसान इथेच होतं. मूळ मूर्तीवर प्लास्टर लावून साचा काढू द्यायचा नाही, कितीही सांभाळून करतो म्हणाले तरी. प्लास्टर ओल शोषताना पृष्ठभागाची पातळ साय उचलतं आणि पांढरे डाग राहतात. कारागिराला चारी बाजूंचे फोटो आणि मापं द्या, त्यानं बघून नवी मूर्ती घडवावी आणि तिच्यावरून साचा काढावा. सुकताना आणि भाजताना माती आठ-दहा टक्के आक्रसते, त्यामुळे प्रतिकृती मुळापेक्षा आपोआप जराशी लहान होते, ते चांगलंच. पोकळ मूर्तीला तळाशी भोक ठेवायला सांगा, नाहीतर आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, कोंडलेली वाफ तिला फोडते.

आणि पाठीच्या साच्यातच ‘प्रतिकृती’, संग्रहालयाचं नाव आणि साल उलट्या अक्षरांत कोरून घ्या, म्हणजे प्रत्येक मूर्तीवर ते सुलट उठतं. रंगानं लिहिलेलं खरवडता येतं, मातीत दाबलेलं जात नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात बनावट माल कसा फिरतो हे ज्यानं पाहिलंय तो ही पायरी कधीच गाळणार नाही. तेरच्या हस्तिदंती मूर्तीची प्रतिकृती करावी असं कुणी म्हणालं तर ती वस्तू शासनाच्या संग्रहालयाची आहे, त्यासाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची परवानगी लागेल. आपल्या घरात आहे तेच करा. कुंभाराचे पैसे रोख द्या. लेखकाचं पुस्तक जांगडवर चालतं, ज्याचा आवा पोटासाठी पेटतो त्याला जांगडवर राबवू नये.

सहलीच्या मुलांसाठी दोन स्वस्त गोष्टी. एक, नावाचं कार्ड. गावात मोडी वाचणारे कुणी असतील, आणि निजामी अमदानीत उर्दू शाळेत शिकलेल्या माणसांकडून उर्दू शिकलेलेही कुणी असतील. सहलीच्या दिवशी त्यांना टेबलाशी बसवा. जाड कार्डावर मुलाचं नाव एका बाजूला मोडीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. २० रुपये. आमच्याकडे फक्त मोडी होतं, तरी रांग हटत नसे, आणि शिक्षकच आधी हात पुढे करत. तुमच्या दप्तरातल्या कागदांची दोन्ही अंगं त्या एका कार्डात येतात. दुसरी गोष्ट, पोस्टकार्ड. निजामाचा चारमिनार छापलेला हाली रुपया तुमच्याकडे नक्की असणार. त्याचा मोठा फोटो आणि मागे एवढंच: हाली म्हणजे हैदराबादचं नाणं, कलदार म्हणजे इंग्रजांचं, आणि साधारण ७ हालीला ६ कलदार मिळत. हे कार्ड घरी गेलं की घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती बोलायला लागते. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, शाळा येतात त्या दिवशी ही कार्डं भरपूर ठेवा.

शिवराया विकण्याबद्दल स्पष्ट सांगते: नको. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरतं, आणि त्याची विक्री करायला परवाना लागतो. निजामाच्या शेवटच्या काळातली काही नाणी शंभरीच्या आतली आहेत, तिथे कायदा आड येणार नाही. तरीही संग्रहातली वस्तू टेबलावर आली की देणगी देणाऱ्याचा विश्वास संपतो. तुमच्याकडे पुढची वस्तू कोण देईल? आणि दुबार म्हणून बाजूला काढलेल्या शिवराया खरंच दुबार असतात का? ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं बहुतेकांवर असली तरी अक्षरांचं वळण, टिंबं आणि वजन वेगवेगळं असतं, आणि नाण्यांच्या अभ्यासकाला नेमकं तेच हवं असतं.

थोडक्यात: पंचवीस वस्तूंची पुस्तिका, कुंभाराची प्रतिकृती, नावाचं कार्ड, हालीचं पोस्टकार्ड, आणि गुरुजींच्या पाच प्रती. १ लाखातले पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त खर्चू नका. पुस्तिकेच्या ३०० प्रती डिजिटल छापून घ्या. ऑफसेटला प्रत स्वस्त पडते, पण त्यासाठी निदान ५००-१००० काढाव्या लागतात. किंमत ठरवताना छपाईच्या तिपटीनं धरा. प्रत ६० रुपयांना पडली तर १८० ठेवा, म्हणजे सवलत, खराब प्रती आणि भेट प्रती जाऊनही दुसऱ्या आवृत्तीचे पैसे उभे राहतात. विक्रीचा हिशोब देणग्यांपासून वेगळ्या वहीत ठेवा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, बाकी बऱ्याच वस्तूंवर असतो. तुमच्या सीएला दोन्ही वेगवेगळं दाखवून विचारा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा. एजंटाला पैसे देऊ नका. आणि १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसंच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. छोट्या संस्था हे सर्रास विसरतात.

वर्षाला साधारण किती लोक येतात, त्यात सहली किती, आणि टेबलाशी रोज कोण बसणार एवढं कळवलंत तर पुस्तिकेच्या ३०० प्रती जास्त होतात की कमी ते सांगता येईल.